रँक उतरल्यानंतरचा पहिला तास

छत्रपती संभाजीनगरात फौजेत जाण्याची वाट शोधायला फार फिरावं लागत नाही. राज्य सरकारची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, शहरात सगळे जिला नुसतं ‘एसपीआय’ म्हणतात ती संस्था, १९७७ पासून इथे आहे. दहावी झालेली निवडक मुलं तिथे राहून अकरावी-बारावी करतात आणि सोबत एनडीएची तयारी. महाविद्यालयांमध्ये एनसीसीच्या तुकड्या आहेत. पहाटे कुठल्याही मोकळ्या रस्त्यावर भरतीसाठी पळणारी पोरं दिसतात. छावणी तर शहराच्या अंगालाच लागून आहे.

जाण्याच्या वाटा ठळक आहेत. परतून आलेल्याची वाट मात्र बहुतेक वेळा एखाद्या बँकेच्या, मॉलच्या किंवा वाळूजच्या कारखान्याच्या फाटकापाशी थांबते. अंगावर पुन्हा गणवेश, हातात नोंदवही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर. काम प्रामाणिकच आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण दहा-बारा जवानांची सेक्शन सांभाळलेल्या हवालदाराच्या अंगी असलेलं सगळं त्या नोंदवहीत मावत नाही.

संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या हिशेबाने देशात दरवर्षी सुमारे ६० हजार जण सैन्यदलांतून निवृत्त होतात आणि त्यातले बहुतेक ३५ ते ४५ या वयाचे असतात. म्हणजे पुढे वीस-पंचवीस वर्षांची उमेद शिल्लक. त्यांच्यासाठी सोयी आहेत. महाराष्ट्रात गट क आणि गट ड च्या सरकारी भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, ‘मेस्को’ हे माजी सैनिकांचं महामंडळ आहे. दहावी पास आणि १५ वर्षं सेवा असेल तर केंद्र सरकारच्या गट क पदांसाठी पदवीधराइतकं पात्र मानण्याचा नियमही आहे. महासंचालनालय स्वतः प्रशिक्षण देतं. अधिकाऱ्यांना २४ आठवड्यांचा व्यवस्थापन अभ्यासक्रम थेट आयआयएमसारख्या संस्थांत करता येतो. जवान आणि सुभेदारांसारख्या जेसीओंच्या अभ्यासक्रमांत बराचसा भर एखादं कौशल्य हातात देण्यावर असतो आणि त्याचा पूर्ण खर्च सरकार उचलतं.

या मांडणीत एक गृहीतक दडलेलं आहे. माणसं हाताळण्याचं शास्त्र अधिकाऱ्याने शिकायचं आणि हवालदाराने हातचं काम शिकायचं, हे ते गृहीतक. ते चुकीचं आहे, कारण फौजेत माणसांच्या सर्वांत जवळ हवालदार आणि सुभेदारच असतात.

आता हा प्रश्न आणखी तरुण चेहऱ्याने समोर येतो आहे. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली आणि लष्करातल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं. चार वर्षं धरली की २०२६ संपता संपता ही मुलं मोकळी होऊ लागतात. नियमानुसार त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम केलं जाईल, उरलेली गावाकडे वळतील. वय बावीस ते सत्तावीस, सेवा निधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये खात्यात. इग्नूने त्यांच्यासाठी पदवी आखली आहे आणि तिच्यातले निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणाचेच धरले जातात. उरलेले निम्मे शिकायचे आहेत. जे नियमित महाविद्यालयात येतील त्यांच्यापुढे पहिल्या सत्रात काय ठेवायचं, याचा विचार मराठवाड्यातल्या प्राचार्यांनी आत्ताच करायला हवा.

पहिल्या सत्रातला एक पेपर नेतृत्वाचा असावा, असं सुचवणं सोपं आहे. अवघड आहे तो आखणं. बाजारात मिळणारी व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तकं उघडून ‘नेत्याचे गुण’ फळ्यावर लिहायला लागलो, तर मागच्या बाकावरचा नाईक पहिल्या दहा मिनिटांत मनाने वर्गाबाहेर जाईल. जे त्याने जगून घेतलं आहे ते त्याला व्याख्येत सांगण्यात अर्थ नाही. आधी त्याच्याकडे काय आहे हे नीट पाहावं लागेल.

सेक्शन कमांडरचा एक साधा दिवस घ्या. कुणाची सुट्टी कधीपासून अडली आहे, कुणाच्या घरी आई आजारी आहे, बुटामुळे कुणाच्या पायाला फोड आले आहेत आणि तो सांगत नाही, हे त्याला ठाऊक असतं. काम वाटताना दमलेल्याला पुन्हा पहिल्या पहाऱ्यावर टाकायचं नाही, हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं. कामगिरी सांगण्याची पद्धत ठरलेली असते. आधी जमिनीची ओळख, मग समोरच्याची खबर, आपली ताकद, मकसद, तरीका, रसद-इंतजाम. शेवटी विचारायचं, “कोई शक?” शंका नसेल तर माणसं कामाला लागतात. एवढी स्पष्टता भल्याभल्या कंपन्यांच्या बैठकांत सापडत नाही.

हाच माणूस गावी येतो आणि ग्रामसभेत उभा राहतो. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल ती. तेवढेही पुष्कळदा जमत नाहीत. जमले तर अर्धे भिंतीला टेकून उभे, दोघे फोनवर, एकजण गेल्या निवडणुकीचा हिशेब काढणार. इथे मकसद काय यावरच एकमत नाही. फौजेत जिथे बोलणं संपतं, तिथून ग्रामसभेत ते सुरू होतं. इथे कुणी त्याचं ऐकायला बांधील नाही, आणि न ऐकणाऱ्याला पहाऱ्यावर लावता येत नाही.

माजी सैनिकांसाठीच्या पहिल्या पेपरचा गाभा हाच असायला हवा: अधिकारपद हाती नसताना, बरोबरीच्या आणि विरोधातल्याही माणसांना सोबत घेऊन काम कसं उभं करायचं. बाकी सगळं त्याच्याभोवती बेतावं.

शिकवायला उदाहरणं परदेशातून आणायची गरज नाही. पहिलं उदाहरण या शहरातच घडलेल्या शिपायाचं आहे. किसन बाबुराव हजारे, म्हणजेच अण्णा हजारे, साठच्या दशकाच्या सुरुवातीला फौजेत भरती झाले आणि त्यांचं प्रशिक्षण इथे, तेव्हाच्या औरंगाबादला झालं. ट्रकचालक म्हणून काम केलं, १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवरून ते वाचून आले. १९७५ मध्ये फौज सोडून ते राळेगणसिद्धीला परतले तेव्हा गावात पाणी नव्हतं आणि दारूच्या भट्ट्या होत्या. हजारेंनी सुरुवात भाषणाने केली नाही. स्वतःचे पैसे घालून यादवबाबांचं मोडकळीला आलेलं मंदिर दुरुस्त केलं. लोक आपोआप हात लावायला आले. मग पाणलोटाचं काम, नाल्यांवरचे बांध, श्रमदान. सासवडकडे विलासराव साळुंखे पाण्याचे प्रयोग करत होते, ते त्यांनी जाऊन पाहिले आणि शिकले. पुढे १९९० मध्ये पद्मश्री आणि १९९२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

वर्गात राळेगण शिकवायचं तर दुसरी बाजूही शिकवली पाहिजे. दारू सोडत नाहीत अशांना मंदिराच्या खांबाला बांधून मारण्यात आलं. अण्णांनी ते लपवलं नाही, आई मुलाला कडू औषध पाजते तसं हे आहे, असं समर्थनही केलं. यावर टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मंदिर दुरुस्त करणारा माणूस आणि खांबाला बांधणारा माणूस एकच होता. त्यातलं कुठलं वागणं फौजेतून आलं, कुठलं गावाच्या मातीतून, कुठलं चाललं आणि कुठलं चालू नये, हा दोन तासांच्या चर्चेचा विषय आहे. या चर्चेत प्राध्यापकाने निकाल देण्याची घाई करू नये, पण कायदा काय सांगतो ते मात्र स्पष्ट सांगावं. महाराष्ट्रात दारूचं दुकान बंद करण्यासाठी महिलांच्या मतदानाची वाट आहे. २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घेतलं जातं आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी बंदीचं चिन्ह असलेल्या आडव्या बाटलीला कौल दिला की दुकान बंद होतं. ही वाट संथ आहे. सह्या गोळा करायला घराघरांत जावं लागतं, नवऱ्यांचा राग सोसणाऱ्या बायकांना धीर द्यावा लागतो, मतदानाच्या दिवशी त्यांना बाहेर काढावं लागतं. शिस्तीत वाढलेल्या माणसाला हा उशीर सहन करायला शिकणं, हे या पेपरमधलं सर्वांत मोठं काम आहे.

दुसरं उदाहरण त्याहून जवळचं. वाळूजच्या बाजूला असलेलं पाटोदा हे गाव आणि त्याचे माजी सरपंच भास्करराव पेरे पाटील. ते सैनिक नव्हेत, आणि म्हणूनच माजी सैनिकांनी त्यांचं काम पाहायला हवं. घरपट्टी-पाणीपट्टी भरणाऱ्या कुटुंबाला वर्षभर दळण मोफत, ही पाटोद्याची युक्ती महाराष्ट्रभर गाजली. कर भरा असा हुकूम सोडण्यापेक्षा कर भरणाऱ्याच्या घरात रोज पीठ यावं, ही वेगळ्या जातीची बुद्धी आहे. आणि या गोष्टीचा शेवटचा भागही वर्गात गाळू नये. २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत पेरे पाटील स्वतः उभे नव्हते, त्यांची मुलगी उभी होती आणि ती हरली. सत्ता दुसऱ्या गटाकडे गेली. एवढं काम करूनही लोक वेगळा कौल देतात आणि तो हसतमुखाने घ्यावा लागतो. फौजेत बदली होते, बढती थांबते, पण आपल्याच माणसांनी मत देऊन घरी पाठवलं असं कधी होत नाही. या अनुभवाची तयारी आधीच करून दिलेली बरी.

तिसऱ्या उदाहरणासाठी चारशे वर्षं मागे जावं लागतं. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर दख्खनेत आला, निजामशाहीचा सेनापती आणि वजीर झाला. गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणणारा सेनानी म्हणून तो परिचित आहे. पण हे शहर ज्या खडकीवर उभं आहे ती त्याने १६१० मध्ये वसवली. उत्तरेच्या डोंगरांकडचं पाणी जमिनीखालच्या नहरींतून गावात आणलं, जमीन महसुलाची घडी बसवली. तलवार धरलेल्या हातांनी नगररचनेची आणि कारभाराची कामं कशी केली, हे शिकायला विद्यार्थ्यांना नहर-ए-अंबरीच्या उरलेल्या मनोऱ्यांपर्यंत नेलं तरी पुरे.

आजच्या काळात पाहायचं तर टेरिटोरियल आर्मीची १३६ इको बटालियन याच शहरात आहे. महार रेजिमेंटशी जोडलेल्या या तुकडीत माजी सैनिक पुन्हा गणवेश चढवून मराठवाड्याच्या उघड्या डोंगरांवर झाडं लावतात. अशा इको तुकड्यांची सुरुवात १९८२ मध्ये मसुरीच्या उजाड डोंगरांसाठी झाली होती. खड्डे खणणं, रोपं वेळेवर पोचवणं, पाणी घालणं, हे फौजी शिस्तीत चोख होतं. पण डोंगरावर लावलेलं कुठलंही रोप तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत जगवायचं तर आसपासच्या गावांनी शेळ्या तिकडे सोडू नयेत, हे जुळवावं लागतं, आणि ते काम पुन्हा बोलण्याचं, बसण्याचं, चहा पिण्याचं आहे.

एवढं हाताशी असताना सिद्धांत थोडकेच लागतील, पण लागतील. जॉन अडेर यांनी साठच्या दशकात ब्रिटनच्या सँडहर्स्ट लष्करी अकादमीत शिकवताना मांडलेली तीन वर्तुळं, म्हणजे काम, गट आणि व्यक्ती, सैनिकांना लगेच पटतात कारण ती फौजेतूनच आलेली आहेत. जेम्स मॅकग्रेगर बर्न्स दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या आघाडीवर लष्करी इतिहासकार होते. त्यांनी १९७८ मधल्या ग्रंथात देवाणघेवाणीवर चालणारं नेतृत्व आणि माणसं बदलणारं नेतृत्व असा फरक केला. पाटोद्याचं दळण यातल्या कुठल्या खान्यात बसतं, असा प्रश्न परीक्षेत विचारला तर पाठांतर आपोआप बाद होईल.

वर्गातली पद्धत काय असावी? इथे फौजेचंच एक साधन उसनं घ्यावं. चढाईआधी जवान जमिनीवर सँड मॉडेल बनवतात. माती रचून टेकड्या, रंगवलेल्या भुशाने झाडी, लोकरीच्या धाग्याने रस्ते, निळ्या पुडीने ओढा. महाविद्यालयाच्या मैदानावर चार-चार जणांच्या गटांनी याच पद्धतीने एखाद्या खऱ्या गावाचं मॉडेल करावं. ओढा कुठून येतो, टँकर कुठे थांबतो, कुठल्या वस्तीला पाणी शेवटी मिळतं, स्मशानाचा रस्ता कुणाच्या बांधावरून जातो. मग त्यात एक भर घालायची, जी फौजी मॉडेलमध्ये नसते. प्रत्येक घराशेजारी एक काडी रोवायची आणि या प्रश्नात त्या घराचं काय जाईल आणि काय मिळेल, ते चिठ्ठीवर लिहून तिला लावायचं. बांध द्यावा लागणारा शेतकरी, टँकरचं कंत्राट असलेला माणूस, पाण्यासाठी पहाटे उठणारी सून. मॉडेलवर एकही शत्रू नाही, सगळे आपलेच, आणि तरी सगळ्यांना वेगळं काही हवं आहे. माजी सैनिकाला नकाशा वाचायला शिकवावं लागत नाही. या चिठ्ठ्या वाचायला मात्र सराव लागतो.

काम झाल्यावर गोल बसून काय ठरलं होतं, काय झालं, का झालं, हे पद सोडून बोलायचं. अमेरिकी लष्कराने सत्तरच्या दशकात ही पद्धत रुळवली आणि पुढे ती कारखान्यांतही गेली. आपल्याकडे सुभेदाराच्या तोंडावर शिपायाने चूक दाखवणं सोपं नाही. म्हणून पहिल्या काही बैठकांत चर्चेचं सूत्र सर्वांत कनिष्ठ पदावरून आलेल्याच्या हाती द्यावं. वर्गात सगळे विद्यार्थीच, हे सांगण्यापेक्षा असं घडवलेलं बरं.

हा वर्ग फक्त माजी सैनिकांचा असावा का? काही तास तसे असावेत, कारण काही गोष्टी आपल्यातच बोलल्या जातात. पण मोठा भाग अठरा वर्षांच्या मुलामुलींसोबत व्हावा. याला अमेरिकेतला मोठा दाखला आहे. १९४४ च्या जीआय बिलाने दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्यांना शिक्षणाचा खर्च देऊ केला तेव्हा शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट हचिन्स आणि हार्वर्डचे जेम्स कोनंट यांच्यासारखे मातब्बर धास्तावले होते. विद्यापीठांचा दर्जा घसरेल अशी त्यांना भीती होती. १९४७ मध्ये तिथल्या महाविद्यालयांतले जवळपास निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते, एकूण २२ लाख जण या सोयीने महाविद्यालयांत शिकले, आणि ते इतके मन लावून शिकले की कोनंट यांनी पुढे मोकळेपणाने कौतुक केलं. वय झालेला, संसार असलेला, वेळेची किंमत कळलेला विद्यार्थी शेजारी बसला की सगळ्या वर्गाची बसण्याची पद्धत बदलते. उलट बाजूनेही, एकोणीस वर्षांच्या मुलीने भर वर्गात “काका, मला हे पटत नाही” असं म्हटल्यावर त्याला उत्तर देता येणं, हा माजी हवालदारासाठी या पेपरमधला सर्वांत उपयोगी धडा ठरेल.

या शहराने शिक्षण आणि पलटण यांचं नातं आणखी एका बाजूने पाहिलेलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि फौजेच्या शाळेत मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातल्या गोरेगावी त्यांनी रोखपालाची नोकरी केली. शाळा चालवलेल्या सुभेदाराला फौजेबाहेर मिळालेलं काम ते असं. त्यांच्या मुलाने १९५० मध्ये या शहरात महाविद्यालय सुरू केलं, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलं. सैनिकाच्या घरात शिक्षणाला काय मोल असतं, हे मिलिंद महाविद्यालय जिथे आहे त्या नागसेनवनाला कुणी वेगळं सांगायला नको.

कागदावरच्या अडचणी फार नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणात एक श्रेयांक म्हणजे १५ तास शिकवणं किंवा ३० तास प्रत्यक्ष काम. दोन श्रेयांकांचा पेपर धरला तर १५ तास वर्गात आणि ३० तास पाटोदा, राळेगण, इको बटालियनचं रान आणि आपलं गाव. अनुभवातून झालेल्या शिक्षणाला श्रेयांक देण्याची तरतूद २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात आहे. एनसीसीला २०२१ मध्येच श्रेयांकांच्या चौकटीत घेतलं गेलं. वेळ मात्र शनिवार-रविवारचीच ठेवावी लागेल, कारण यातले पुष्कळ जण पाळीत काम करतात. भाषा मराठी असावी, हिंदी चालावी. फौजेत पंधरा वर्षं हिंदीत बोललेल्या माणसाला मराठीत चार पानं सलग लिहिणं जड जातं. म्हणून पहिल्याच महिन्यात अर्ज, ठराव आणि इतिवृत्त लिहिण्याचा सराव हवा, आणि तो नेतृत्वाचाच भाग समजावा. ज्याला ठराव लिहिता येत नाही त्याचा मुद्दा सभेत जिंकूनही दप्तरात हरतो. परीक्षा तीन तासांची नको. गावातलं एक छोटं काम हाती घ्यावं, त्याचं टिपण लिहावं आणि तोंडी परीक्षेला गावातल्या एखाद्या बचतगटाच्या अध्यक्षा बोलवाव्यात.

मनावरच्या ओझ्याबद्दल एक सूचना. युद्धातले, चकमकीतले अनुभव वर्गात सांगायची सक्ती कुणावर करू नये. तरुण विद्यार्थी उत्सुकतेने विचारतील, तेव्हा ते सांगायचं की नाही हे त्या माणसाने ठरवावं. महाविद्यालयात समुपदेशक असेल तर त्याची ओळख पहिल्याच आठवड्यात करून द्यावी. छावणी परिसरात माजी सैनिकांची ये-जा असतेच, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे त्यांची नोंद असते. पहिली वीस-पंचवीस नावं मिळायला अडचण येऊ नये.

शिकवणार कोण, हा उरलेला प्रश्न. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही सोय केली. किमान १५ वर्षांचा, शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा अनुभव असलेल्या माणसाला औपचारिक पदवीची अट न लावता शिकवायला घेता येतं. निवृत्त कर्नल सहज सापडतील. पण एखाद्या महाविद्यालयाने या जागेवर सुभेदार मेजर नेमण्याचा आग्रह धरावा आणि त्याच्या जोडीला समाजशास्त्राची किंवा लोकप्रशासनाची प्राध्यापिका द्यावी. अभ्यास मंडळ, विद्या परिषद अशा पायऱ्या चढून नवा पेपर मंजूर व्हायला एक शैक्षणिक वर्ष सहज जातं. म्हणून प्रस्तावाचा पहिला मसुदा अग्निवीरांची पहिली तुकडी घरी पोचायची वाट पाहत थांबू नये.